हातभर धागा

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे निघाले आणि त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ त्या वेळच्या मुंबई राज्यात आला. हा मराठी टापू मात्र मध्य प्रदेशातच राहिला. घरची भाषा मराठी, सरकारी कारभार हिंदीत, शेतात संत्री आणि कापूस, असे तेथील जीवन. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि रस्ते यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही या भाषाबांधवांच्या निमित्ताने एका वरकरणी क्षुल्लक विषयाकडे वळत आहो. तो विषय म्हणजे दोन दातांमधली फट.

दात घासण्याचा संस्कार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुताने दातवणासाठी निंब, खदिर, करंज आणि मधूक यांची शिफारस केली आहे. परंतु दातवण असो वा ब्रश, दोन दात जेथे एकमेकांस टेकतात तेथे त्याचा शिरकाव होत नाही. संत्र्याचा रेषा तेथे अडकतो, तसाच आपल्याकडील मासळीचा आणि खोबऱ्याचा कणही अडकतो. त्याहून घातक असतो तो जंतूंचा चिकट थर. तो काढला नाही तर काही दिवसांत त्याचे कठीण कीटण बनते. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, आतले हाड झिजते आणि शेवटी न किडलेला दातही हलू लागतो. मधुमेही माणसाला हा विकार अधिक छळतो, आणि हिरड्यांच्या विकारामुळे रक्तातील साखर आवरणेही कठीण होते.

यावरचा उपाय न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लीव्हाय पार्मली यांनी १८१९ सालीच सांगितला होता: मेण लावलेला रेशमी धागा. आज तो नायलॉनचा मिळतो आणि त्यास फ्लॉस म्हणतात. या उपायाचा पुरावा अपुरा असल्याची टीका २०१६ साली अमेरिकेत झाली, हे आम्ही लपवू इच्छित नाही. तथापि २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेने, ब्रशला धाग्याची जोड दिल्यास हिरड्यांची सूज अधिक कमी होऊ शकते, असाच कौल दिला. मात्र हा पुरावा भक्कम नाही, हेही तिने नमूद केले. फटी रुंद असल्यास बारीक ब्रश अधिक उपयोगी पडतो.

कृती सोपी आहे. हातभर धागा घ्यावा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, हलकेच फटीत सरकवावा आणि दाताच्या कडेला बिलगवून वर-खाली फिरवावा. हिरडीवर तो झटक्याने आपटू नये. प्रत्येक फटीला धाग्याचा नवा भाग वापरावा. रात्री निजण्यापूर्वी एकदा हे केले म्हणजे पुरे. पहिले काही दिवस थोडे रक्त आले तरी घाबरून थांबू नये. आठ-पंधरा दिवसांनंतरही ते येत राहिले तर मात्र दंतवैद्याकडे जावे. टाचणी, सेफ्टी पिन वा आगपेटीची काडी यांनी दात कोरण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे.

गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय १९८० पासून उभे आहे. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्यास जवळचे सरकारी दंत महाविद्यालय गाठायचे तर परराज्यातले नागपूर गाठावे लागते. वैद्य जितका दूर, तितकी रोजच्या निगेची किंमत अधिक. म्हणून नव्या जिल्ह्याच्या शाळांतून आणि आरोग्य केंद्रांतून ही शिकवण मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत, मराठीत, मिळावी, अशी आमची अपेक्षा आहे. त्यास मोठा निधी लागत नाही.

आणि आपले काय? वैद्य दाराशी असूनही दात ठणकू लागेपर्यंत त्याची पायरी न चढणारे आपल्यातही थोडे नाहीत. दात कोरून पोट भरत नाही, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण दात गेल्यावर भरल्या ताटासमोर बसूनही पोट भरत नाही, हेही तितकेच खरे आहे.