पट्ट्यावरची तपासणी अर्धवट राहिली तर



आज उसाऐवजी छातीचे बोलतो. गेल्या हंगामात चढावर छाती भरायची, म्हणून स्ट्रेस टेस्ट केली. वय ४५, नाडी १४९ पर्यंत चढायला हवी होती (२२० वजा वय, त्याचे ८५ टक्के). १२० लाच गुडघ्याने दगा दिला. अहवाल आला ‘अनिर्णीत’. म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे, बरं का!

मग डॉक्टरांनी हृदयाचा सी.टी. स्कॅन सांगितला. गोळीने नाडी साठीच्या घरात आणतात, हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात. पाटात गाळ कुठे बसलाय ते दिसावे, तसे. मांडीतून नळी नाही. मात्र मूत्रपिंडाचा त्रास वा ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे. वाहिन्यांत चुना फार साठला असला तर फोटोही फसतो. माझ्या एका वाहिनीत थर निघाला. गोळ्या चालू आहेत.

— ऊस विकास अधिकारी