आठ महिने आणि पंचवीस वर्षं

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर धाडलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगभरच्या २७ संगीतरचना आहेत. त्यांत भारताची एकच, साडेतीन मिनिटांची भैरवी. ती केसरबाई केरकरांची. ‘केसरबाई लहानपणी आमच्याकडे शिकल्या’ असं कोल्हापूरकर अभिमानानं सांगतात आणि ते खरंही आहे. पण वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास इथं मिळालेली ती तालीम जेमतेम आठ महिन्यांची, तीही किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँकडची. भैरवीतला खुला, दमदार आकार मात्र जयपूर घराण्याचा. मग कोल्हापूरचा वाटा नेमका कोणता? माझ्या मते तो त्या आठ महिन्यांत नाही. एका उस्तादाला इथं पंचवीसेक वर्षं जे स्थैर्य लाभलं, त्यात तो आहे.

केसरबाईंचा जन्म १८९२चा, फोंडा तालुक्यातल्या केरीचा. घर कलावंतांचं, त्यामुळे गाणं शिकण्याला मज्जाव नव्हता. अडचण गुरूची होती. चांगला गवई एकतर दरबारी असे, नाहीतर बिदागीसाठी गावोगाव फिरणारा. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली, प्रवास सोपा झाला, पण गुरू जागेवर सापडेलच याची हमी रेल्वे देत नव्हती. अब्दुल करीमखाँ स्वतःच बडोद्याचा दरबार सोडून बाहेर पडलेले. पुढं रामकृष्णबुवा वझे गोव्यात लामगावला येत, तेव्हा त्यांच्याकडे शिकणं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई. तिथं सतारिये बरकतुल्लाखाँ, मग थोडा काळ भास्करबुवा बखले. नावं एकाहून एक मोठी, पण तालीम दर वेळी मध्येच तुटलेली.

तो उस्ताद म्हणजे जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ. त्यांचं उलट झालं. उमेदीच्या काळात आमलेटा संस्थानात अतिगायनानं त्यांचा आवाज बसला. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली, आणि सुमारे १८९५ पासून शाहू महाराजांच्या आश्रयानं ती कोल्हापुरात मुरली. समेवर नजर ठेवून आवर्तन भरत जाणं, अनवट आणि जोडरागांची बांधणी, न तुटणाऱ्या श्वासाची तान, हे सगळं कुणाला देता यायचं तर देणारा एका ठिकाणी असावा लागतो. १९२१ मध्ये केसरबाईंनी त्यांचा गंडा बांधला. पुढच्याच वर्षी महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईला मुक्काम हलवला. दरबाराची जागा शेटजींच्या पैशानं घेतली. पण वर्षानुवर्षं अखंड तालीम मिळण्याची अट तीच राहिली.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे आधीची वीस वर्षं वाया गेली? तसं नाही. भास्करबुवा स्वतः अल्लादियाखाँकडे शिकलेले होते. या गायकीची चव केसरबाईंना आधीच लागली असणार. तुटक तालमीचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकायची तयारी झाली, असं मानायला जागा आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: दरबारची नोकरी उस्तादाला होती, केसरबाईंना त्यातून थेट काय मिळालं? थेट काहीच नाही, हे कबूल करायला हवं. शिकण्याचा खर्च त्यांच्या बाजूनंच उभा करावा लागला. कोल्हापूरनं गायिका घडवली नाही. तिनं जे गायचं ते इथं टिकवलं, पिकवलं.

हे पुढंही दिसतं. खाँसाहेब मुंबईला गेल्यानंतरही त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरातच शिकवत राहिले. त्यांच्याकडे शिकलेल्या, इथंच जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी पुढं केसरबाईंच्या शिष्या झाल्या. ज्या गावात केसरबाईंना आठ महिन्यांपलीकडे गुरू लाभला नाही, त्याच गावातून त्यांच्याकडे तयार शिष्या आली, कारण मधल्या काळात इथं शिकवणारं घर हललं नव्हतं.