तरवडीचा छापखाना, पाटसचा बातमीदार

दौंड तालुक्यात पाटस, वरवंड, यवत, केडगाव या पट्ट्यात बातमी देणारा माणूस पगारावर क्वचितच असतो. त्याची शेती असते, झेरॉक्सचे दुकान असते, नाहीतर विम्याची एजन्सी. दैनिकाला तो बातमी पाठवतो आणि जाहिरात आणली तर तिच्यावर कमिशन घेतो. जाहिरातीही ठरलेल्या: पुढाऱ्याचा वाढदिवस, गाळप हंगामाचा शुभारंभ, दिवाळीच्या शुभेच्छा, जमीनखरेदीची जाहीर नोटीस. अलीकडे हाच माणूस स्वतःचा लोगो लावलेला माइक घेऊन यूट्यूबवर चॅनेल चालवतो. कालव्याचे आवर्तन लांबले, उसाचे बिल थकले, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळते. ते सांगायचे की गिळायचे, हे मात्र पुढची पानभर जाहिरात कोणाकडून यायची आहे त्यावर ठरते.

हा पेच नवा नाही. मराठीत तो सोडवायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत एका बापलेकाचे नाव आधी घ्यावे लागते.

बाप म्हणजे कृष्णराव भालेकर. पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्यातले ते बिनीचे कार्यकर्ते. पुण्यात तेव्हा वर्तमानपत्रे होती, पण कुणब्याची बाजू मांडणारे पत्र नव्हते आणि त्या बाजूला सांगण्यासारखे पुष्कळ होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांना आणि वह्यांना काडी लावली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि आजचा पाटसचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडत होता. दंग्याचे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशीला आयोग नेमला, तेवढ्यात १८७६-७७ चा दुष्काळ पडला. अशा वेळी १ जानेवारी १८७७ रोजी भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ साप्ताहिक सुरू केले.

पत्र गाजले, पण पैसा पुरला नाही. ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि वर्गणी भरायची ऐपतही नव्हती. ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांना ते नको होते. अखेर १८८० मध्ये ‘दीनबंधु’ मुंबईला गेले आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते सांभाळले. तिथे गिरणगाव होते, कामगार होते आणि वाचून दाखवणारेही होते. तरीही फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे दोनच भाग त्यात छापून आले आणि पुढचे थांबले. आपल्याच माणसाच्या पत्रातही सगळे छापता येत नाही, हा अनुभव खुद्द जोतीरावांनी घेतला. पुढे, पत्राचे तेव्हाचे संपादक वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर, १९०८ ते १९१२ या काळात त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी हे पत्र संपादक म्हणून चालवले. मराठी वृत्तपत्रात बाईने संपादकाच्या खुर्चीवर बसण्याचा तो काळ नव्हता, म्हणून त्यांचे नाव मुद्दाम लक्षात ठेवायचे.

लेक म्हणजे मुकुंदराव. जन्म १८८५ चा. भालेकरांचा मुलगा असूनही आडनाव पाटील, कारण ते नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. याच घरातल्या गणपतराव पाटलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते, पण ते अल्पायुषी ठरले. मुकुंदरावांनी तेच नाव उचलले आणि २३ नोव्हेंबर १९१० रोजी साप्ताहिक ‘दीनमित्र’ सुरू केले. पुढे तरवडीत स्वतःचा छापखाना थाटला. ‘दीनमित्र’ तब्बल सत्तावन्न वर्षे चालले आणि २० डिसेंबर १९६७ ला मुकुंदराव गेले तेव्हाच त्यांची लेखणी थांबली.

साल लक्षात घ्या. त्याच १९१० मध्ये सरकारने छापखान्यांना आणि पत्रांना जामीनकी भरायला लावणारा कायदा केला होता. एखादा मजकूर खटकला की अनामत जप्त. अशा वर्षी, तेही खेड्यातून पत्र काढणे व्यवहारी माणसाला वेडेपणा वाटावा.

पण त्या वेडेपणात हिशेब होता. शहरात छापखाना म्हणजे जागेचे भाडे, दुसऱ्याच्या यंत्रावर छपाई आणि त्या मालकाची मर्जी. तरवडीत घर आपले, शेत आपले, यंत्र आपले. वर्गणी तुंबली तरी चूल पेटत होती. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालात सवलतीचा दर मिळे, त्यामुळे अंक खेड्यातून निघो की पुण्यातून, वर्गणीदाराला तो त्याच खर्चात पोहोचे. बाप जिथे अडला, तिथून लेकाने रस्ता वळवला. उत्पन्न वाढवण्याच्या मागे न लागता त्याने खर्च इतका खाली आणला की पत्र बंद पाडणे कोणाच्या हातात राहू नये.

त्या काळचे छपाईचे काम कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. लाकडी केसमधल्या खणाखणांत शिशाचे खिळे असत. जुळारी एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये लावी. प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे उलटे. इंग्रजीला थोडे खण पुरत, मराठीला काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक पट लागत. ओळी जुळल्या की पान बांधायचे, फर्मा चौकटीत आवळायचा, रुळाने शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि दांडा ओढायचा. एक बाजू छापून वाळली की दुसरी. मग खिळे धुऊन पुन्हा ज्या त्या खणात टाकायचे, कारण पुढच्या आठवड्याचा अग्रलेख त्याच खिळ्यांतून निघायचा असे. एवढ्या कष्टाने छापलेल्या पानात पाल्हाळाला जागा नसते. मुकुंदरावांचे गद्य ठोसेबाज आहे, त्यात या यंत्राचाही वाटा असणार.

खेड्यातले साप्ताहिक ताज्या बातमीत शहरी दैनिकाशी टक्कर घेऊ शकत नाही. म्हणून ‘दीनमित्र’चे बळ होते अग्रलेखात, उपहासात आणि गावगाड्याच्या बारीक माहितीत. सावकाराचे व्याज कसे फुगते, लग्नाच्या खर्चात घर कसे बुडते, भिक्षुक कशाकशाचे पैसे घेतो, हे विषय. १९१३ चे त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ तर ओवीबद्ध आहे. गावकामगार कुलकर्ण्याच्या लेखणीची करामत त्यांनी पोथीच्या थाटात रचली. ही युक्ती मोठी हुशारीची. वर्तमानपत्र न वाचणारे गाव पोथी मात्र चावडीवर बसून ऐकत होते. एकाने वाचायचे, पन्नासांनी ऐकायचे. ‘शेटजी प्रताप’मध्ये सावकाराची पाळी आली. सुप्याच्या बाजारात जे कागद जळाले, ते कसे लिहिले जात, हे आता गावाला हसत हसत कळू लागले.

त्याच काळातली दुसरी उदाहरणे ताडून पाहावीत. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. लेखणी अशी, आश्रयदाता असा, तरीही ते १९२३ मध्ये बंद पडले. एकरकमी देणगीने पत्र सुरू होते. चालायला दर आठवड्याचा खुर्दा लागतो. उलट नानासाहेब परुळेकरांचे उदाहरण. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या या माणसाने १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला. पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा बाजारभाव, गावोगावच्या बातम्या आणि सामान्य माणसाच्या अडचणी यांना त्यांनी जागा दिली. उपयोग होतो म्हणून वाचक रोज पैसे मोजू लागला. मुकुंदराव आणि परुळेकर यांचे रस्ते वेगळे, पण दोघांचा आधार अंक विकत घेणारा वाचकच होता.

आता पाटसला परत येऊ. आजचा बातमीदार मुकुंदरावांपेक्षा कितीतरी सुस्थितीत आहे. खिळे नाहीत, शाई नाही, जामीनकी नाही. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि नोंदणीचे काम ऑनलाइन आले. छापखाना खिशात आहे. खर्च तरवडीपेक्षाही खाली आला, पण वर्गणीदार गायब झाला. बातमी फुकट मिळायची असते, अशी सवय वाचकाला लागली. मग तिचे पैसे दुसरा कोणीतरी भरतो, आणि जो भरतो त्याचेच चालते.

तरवडीचा धडा म्हणून बातमीदारापेक्षा वाचकालाच जास्त लागू आहे. कांद्याचा केडगावचा भाव, कालव्याचे पाणी कोणत्या चारीला किती दिवस, ग्रामसभेत कोणता ठराव कसा झाला, ही माहिती रोख मोलाची आहे. पाच-सातशे घरांनी महिन्याला एका चहाइतकी वर्गणी नेमाने भरली, तर एका तालुक्याचा एक बातमीदार ताठ मानेने उभा राहू शकतो. नाही भरली, तर वाढदिवसांची पाने वाचत बसावे लागेल आणि तक्रार करायचा हक्कही उरणार नाही.