चर्चमधून चित्रपटात

गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांनी हिंदी सिनेमाला गाणाऱ्यांपेक्षा वाजवणारे जास्त दिले. त्यातले ठळक नाव मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२). वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे मास्तर, त्यामुळे पहिले धडे घरचेच. १९४३ मध्ये ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये त्यांनी रागदारीवर रचलेल्या सिंफनी वाद्यवृंदाचा जलसा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या गाण्यातले त्यांचे नाव ही प्यारेलालांची गुरुदक्षिणा.

अमेरिकेत गायकांना चर्चमधून लोकप्रिय संगीताकडे जाणारी वाट अवघड गेली. ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगीत गाणाऱ्या गटाचा लाडका सॅम कुक. श्रोते दुखावू नयेत म्हणून त्याचे पहिले प्रेमगीत १९५६ मध्ये ‘डेल कुक’ या नावाने निघाले. पण आवाज लपतो कसला! लोकांनी तो लगेच ओळखला. १९५७ मध्ये खऱ्या नावाने गायलेले ‘यू सेंड मी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. केटी पेरीचाही २००१ मधला पहिला अल्बम ख्रिस्ती गीतांचाच होता; त्यावर नाव होते केटी हडसन.