पाच व लव्हेंडर यांचे सुगंधी तेल

पाच या वनस्पतीची वाळविलेली पाने आणि लव्हेंडरचे फुलोरे यांपासून मिळणारी बाष्पनशील (बाष्परूपाने उडून जाणारी) तेले एकत्र करून व बहुधा एखाद्या स्थिर तेलात विरल करून बनविलेले, अंगास लावण्याचे सुगंधी द्रव्य. या तेलाचा बाटलीतील वास, त्वचेवर लावताक्षणीचा वास आणि काही तासांनंतरचा वास हे तिन्ही एकमेकांपासून स्पष्टपणे भिन्न असतात. बाष्पनाच्या वेगाच्या दृष्टीने या मिश्रणाचे दोन घटक जवळजवळ दोन टोकांना आहेत, हे याचे कारण होय. त्यामुळे सुगंध त्वचेवर कसा उलगडतो व कसा विरतो, हे समजून घेण्यास हे मिश्रण एक उत्तम उदाहरण आहे.

वनस्पती व तेले : दोन्ही वनस्पती तुळस, मरवा व पुदिना यांच्या कुलातील (लॅमिएसी) आहेत. व्यापारी पाच तेल मुख्यत्वे पोगोस्टेमॉन कॅब्लिन या आग्नेय आशियातील जातीपासून काढतात. जगातील बहुतांश पुरवठा इंडोनेशियातून, विशेषतः सुमात्रा, सुलावेसी व जावा या बेटांतून होतो. महाराष्ट्रात पाच या नावाने बागेत लावतात व जिची पाने गजऱ्यात आणि वेणीत गुंफतात, ती सुवासिक वनस्पती याच प्रजातीत मोडते. पाचेच्या तैलग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर तसेच पानाच्या आतील ऊतकांतही असतात. म्हणून ताजी पाने ऊर्ध्वपातनास (वाफ करून ती थंड करण्याच्या क्रियेस) न घेता आधी सावलीत वाळवितात व काही काळ रचून ठेवतात. त्यामुळे पेशीभित्ती फुटून तेल मोकळे होते. वाळलेल्या पानांच्या वजनाच्या सु. २ ते ३ टक्के तेल मिळते व त्यासाठी अनेक तास वाफ सोडावी लागते. लोखंडी भांड्यातून काढलेले तेल गडद तपकिरी, तर निष्कलंक पोलादाच्या भांड्यातील तेल फिकट पिवळसर असते.

लव्हेंडर (लॅव्हंड्यूला अँगुस्टिफोलिया) हे भूमध्य समुद्राच्या परिसरातील डोंगराळ भागांतील लहान झुडूप आहे. दक्षिण फ्रान्स व बल्गेरिया ही याच्या लागवडीची प्रसिद्ध ठिकाणे असून भारतात काश्मीर व जम्मू विभागातील भद्रवाह येथे याची लागवड होते. याच्या तैलग्रंथी फुलांच्या पुटांवर उघड्या असतात, त्यामुळे तेल लवकर सुटते व ऊर्ध्वपातनास थोडाच वेळ पुरतो. लव्हेंडर व त्याच्याच प्रजातीतील स्पाइक लव्हेंडर यांच्या संकरातून झालेल्या लव्हँडिन या वनस्पतीचे तेल अधिक स्वस्त असते, पण त्यात कापराचे प्रमाण बरेच जास्त असते. पाचेबरोबर ते मिसळल्यास आरंभीचा वास मृदू फुलांसारखा न येता औषधी व उग्र येतो.

रासायनिक घटक : लव्हेंडर तेलात लिनॅलूल हे अल्कोहॉल व लिनॅलिल ॲसिटेट हे एस्टर प्रमुख असून प्रत्येकाचे प्रमाण सामान्यतः २५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. लिनॅलूलाच्या रेणूत कार्बनाचे १० अणू असतात, त्याचा रेणुभार १५४ व उकळबिंदू सु. १९८° से. आहे. लिनॅलिल ॲसिटेटाचा रेणुभार १९६ व उकळबिंदू सु. २२०° से. आहे. पहिल्यामुळे फुलांसारखा ताजेपणा, तर दुसऱ्यामुळे फळासारखा गोडवा येतो.

पाच तेलातील बहुतेक घटक सेस्क्विटर्पीन गटातील म्हणजे १५ कार्बन अणूंचे आहेत. त्यांतील पॅचूलॉल हे अल्कोहॉल सु. एक-तृतीयांश असते. शुद्ध स्वरूपात ते स्फटिकी घन असून ५६° से.ला वितळते. त्याचा रेणुभार २२२ व उकळबिंदू लिनॅलूलाच्या उकळबिंदूपेक्षा सु. ९०° से. अधिक आहे. याशिवाय बल्नेसीन, ग्वाएन, सेशेलीन व कॅरिओफायलीन ही हायड्रोकार्बने असतात. नॉरपॅचूलेनॉल हा घटक एक टक्क्याहूनही कमी असला, तरी तेलाच्या वासात त्याचा वाटा मोठा मानतात. सर्व घटक मिळून पहिल्या पावसातील मातीची, जुन्या लाकडाची, किंचित कापराची व गोडसर मद्याची आठवण करून देणारा वास निर्माण होतो.

त्वचेवरील क्रम : सुगंधाची तुलना संगीतातील स्वरांशी करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेप्टिमस पीस या सुगंधतज्ज्ञांनी मांडली. पुढे १९५५ मध्ये विल्यम पाउचर या इंग्रज तज्ज्ञांनी अनेक सुगंधी पदार्थ कागदी पट्टीवर किती काळ टिकतात हे पाहून त्यांना १ ते १०० असे अंक दिले. एका दिवसाच्या आत वास नाहीसा होणाऱ्या पदार्थास १ व सर्वाधिक टिकणाऱ्यास १०० अशी ही श्रेणी होती. १ ते १४ हे शीर्षस्वर, १५ ते ६० हे मध्यस्वर व ६१ ते १०० हे आधारस्वर मानले जातात. या श्रेणीत लव्हेंडर शीर्षस्वरांत आहे, तर पाचेस १०० हा अंक आहे.

पट्टीवर दिवसांत मोजला जाणारा हा क्रम उबदार त्वचेवर तासांत व मिनिटांत घडतो. तेल लावताच प्रथम लव्हेंडर व त्याबरोबर पाच तेलातील कापरासारखा वरचा भाग जाणवतो. काही मिनिटांत कापराची धार बोथट होते आणि लव्हेंडरचा गोड, स्वच्छ वास पुढे येतो. बहुधा पहिला अर्धा-पाऊण तास त्याचाच असतो. त्यानंतर लिनॅलूल विरळ होत जाते व लव्हेंडर पाचेच्या आवरणातून जाणवू लागते. हा मधला काळ मिश्रणाची खरी कसोटी होय. या वेळी फुलांचा गोडवा व मातीचा ओलसरपणा वेगवेगळे ओळखता न येता त्यांचा वाळलेल्या गवतासारखा एक नवाच वास भासला, तर प्रमाण साधले असे समजतात. पुढे केवळ पाच उरते. तिचा मातकट भागही हळूहळू मंद होतो व शेवटी लाकडासारखा मऊ, कोरडा, गोडसर वास उरतो. कपड्यावर पडलेला थेंब तर अनेक दिवस वास देत राहतो.

पाच केवळ मागे उरते असे नाही, ती लव्हेंडरलाही काही प्रमाणात धरून ठेवते. मिश्रणातील एखाद्या घटकाचा बाष्पदाब त्याच्या मिश्रणातील प्रमाणावर अवलंबून असतो. जड व मंद बाष्पन होणारे रेणू भोवती असल्यास हलक्या रेणूंचे उडून जाणे मंदावते. अशा घटकास सुगंधनिर्मितीत स्थिरक म्हणतात. तथापि पाचेचे प्रमाण वाढवीत गेल्यास लव्हेंडर अधिक टिकण्याऐवजी झाकले जाते. म्हणून पाच नेहमी बेताने वापरतात.

त्वचेचा प्रभाव : हाताच्या त्वचेचे पृष्ठतापमान साधारणपणे ३२° ते ३४° से. असते. मनगट, मान व कोपराची आतील बाजू येथे रक्तवाहिन्या पृष्ठभागाजवळ असल्याने सुगंध लवकर उठतो. त्वचेवरील त्वक्‌स्नेहात ट्रायग्लिसराइडे, मेणासारखी एस्टरे व स्क्वालीन असते. सुगंधी रेणू या स्नेहात विरघळतात. त्यामुळे तेलकट त्वचेवर सुगंध अधिक टिकतो, तर कोरड्या त्वचेवर लवकर विरतो. काही रेणू हवेत न जाता त्वचेत शिरतात. व्हिएन्ना येथे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लव्हेंडरयुक्त तेलाने मर्दन केल्यावर सु. २० मिनिटांत लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट यांचे रक्तातील प्रमाण कमाल झाल्याचे आढळले.

अल्कोहॉलयुक्त अत्तरात अल्कोहॉल झपाट्याने उडताना वरचे घटक हवेत फेकले जातात. तेलात तसे होत नाही. त्यामुळे सुगंधी तेलाचा आरंभ मंद, त्वचेलगतचा व सलग असतो. वास घेणाऱ्या इंद्रियाचाही येथे विचार करावा लागतो. एकच वास सतत येत राहिल्यास घ्राणेंद्रिय त्याला सरावते व तो जाणवेनासा होतो. इतरांना मात्र तो जाणवतच असतो. पाचेसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या वासाच्या बाबतीत यामुळे पुन्हापुन्हा तेल लावले जाण्याचा व भोवतालच्यांना ते असह्य होण्याचा संभव असतो.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली यूरोपात पाठविताना कसर लागू नये म्हणून त्यांत पाचेची पाने ठेवीत. त्या वासावरून खरी शाल ओळखण्याची ग्राहकांना सवय लागली व यूरोपातील शालींचे नकलाकारही ही पाने मागवू लागले. लव्हेंडरच्या पुरचुंड्या यूरोपात याच कारणासाठी कपड्यांत ठेवीत असत. १८६८ मध्ये विल्यम हेन्री पर्किन यांनी वाळलेल्या गवताचा वास असलेले कूमरीन कृत्रिम रीत्या तयार केले. त्याचा उपयोग करून पॉल पार्के यांनी १८८२ मध्ये ऊबिगां या फ्रेंच पेढीसाठी ‘फुजेर रॉयाल’ हे अत्तर बनविले. लव्हेंडर, कूमरीन व ओक वृक्षावरील दगडफूल यांवर आधारलेल्या या रचनेवरून ‘फुजेर’ (नेच्यासारखे) हे अत्तरांचे एक घराणेच निर्माण झाले. त्यातील अनेक अत्तरांत पाच आधारस्वर म्हणून वापरली गेली. १९६० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील हिप्पी तरुणांनी निव्वळ पाच तेल वापरण्याची प्रथा पाडली. त्यामुळे तिच्याविषयी तेथे आवड व नावड या दोन्ही भावना तीव्र झाल्या.

साठवण व सुरक्षितता : दोन्ही तेलांचे काळाशी असलेले नाते परस्परविरुद्ध आहे. पाच तेल मुरले की त्याचा ताजेपणीचा तिखट, हिरवट वास जाऊन ते अधिक गोल व मधुर होते. लव्हेंडरचे मात्र हवेच्या संपर्काने ऑक्सिडीभवन होते. लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट यांपासून हायड्रोपेरॉक्साइडे बनतात व ती त्वचेस संवेदनशील करणारी आहेत. शुद्ध, ताजे लिनॅलूल या बाबतीत फारच सौम्य असते. म्हणजे अनेक वर्षे मुरलेले तेल अधिक चांगले, हा पाचेपुरता खरा असलेला समज या मिश्रणास लागू केल्यास तो अपायकारक ठरू शकतो. पाचेच्या दाट वासाखाली लव्हेंडर बिघडल्याचे नाकाला सहज कळतही नाही. एकदा ॲलर्जी जडली की ती सामान्यतः कायम राहते आणि लिनॅलूल साबण, शाम्पू, मलमे अशा असंख्य वस्तूंत असल्याने ते टाळणे कठीण होते. यूरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाद्वारे, ठराविक मर्यादेपेक्षा अधिक लिनॅलूल असलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख आवश्यक केला. २०२३ च्या विनियमाने अशा पदार्थांची यादी वाढविली असून तीत लव्हेंडर व पाच यांच्या तेलांचाही समावेश आहे.

यास्तव हे मिश्रण लहान, गडद रंगाच्या व काठोकाठ भरलेल्या बाटलीत, घट्ट बूच लावून थंड जागी ठेवतात. बाटली अर्धी रिकामी झाल्यावर आतील हवेमुळे ऑक्सिडीभवन वाढते, म्हणून उरलेले तेल लहान बाटलीत काढणे किंवा लवकर संपविणे इष्ट असते. अविरल बाष्पनशील तेल थेट त्वचेस लावू नये. नवे तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस लाली वा खाज येते का ते पाहावे, कारण अशी प्रतिक्रिया बहुधा उशिरा दिसते.

परीक्षा : बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन केलेली परीक्षा दिशाभूल करते. तेथे हलक्या घटकांचे बाष्प साठलेले असल्याने लव्हेंडरच प्रामुख्याने जाणवते व विकत घेतलेले तेल पुढे दिवसभर पाचेचा वास देत राहते. याउलट पाचेच्या पहिल्या उग्र वासाने नापसंत ठरलेले तेल तासाभराने सौम्य व मधुर होऊ शकते. म्हणून थेंबभर तेल मनगटावर लावून, ते न चोळता, लगेच, अर्ध्या तासाने व चार तासांनी असा तीन वेळा वास घेतात. त्यांपैकी शेवटच्या वासास अधिक महत्त्व द्यावे, कारण तोच सर्वाधिक काळ त्वचेवर राहणारा असतो.