वखवखीचा पत्ता

संध्याकाळच्या धीम्या लोकलने कळव्याला उतरले की पुलाच्या पायऱ्या संपायच्या आत तळणीचा वास येतो. पोट रिकामे असो वा नसो, पाय तिकडे वळतात. आई याला वखवख म्हणायची. भूक वेगळी आणि वखवख वेगळी, हे तिला पक्के ठाऊक होते. वखवख हा स्वभावाचा दोष आहे, असेही तिला तितकेच पक्के वाटे. घरात मी जाड, म्हणून हा शब्द माझ्याच वाट्याला यायचा. गेल्या वीसेक वर्षांत वजनाच्या औषधांचे जे झाले, ते मी या एका शब्दाच्या मागावर राहून पाहिले आहे.

सुरुवात वाईट झाली. गांजा ओढणाऱ्याला खा-खा सुटते. गांजा मेंदूतल्या ज्या कुलपाला किल्ली लावतो, तेच कुलूप बंद करणारी रिमोनाबॅन्ट ही गोळी २००६ मध्ये युरोपात मंजूर झाली आणि पुढे आपल्याकडेही विकली गेली. वखवख मेंदूत राहते, हा तिच्यामागचा अंदाज बरोबर होता. पण आनंदाची वाटही त्याच कुलपातून जाते. गोळी घेणाऱ्या काहींना नैराश्य आले, आत्महत्येचे विचार येऊ लागले. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपात ती थांबवली गेली, नंतर भारतातही बंदी आली. सिब्युट्रामीन या दुसऱ्या औषधाचेही तेच झाले. त्याने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे दिसले आणि २०११ मध्ये तेही आपल्या दुकानांतून गेले.

मग २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रभर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे नाव झाले. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वारंवार खायला सांगत होत्या. खारेगावात आमच्या इमारतीच्या गच्चीवर यावरून वाद रंगत. मला दीक्षितांचे चार महिने जमले, वजनही उतरले. पण दुपारी चारला डोक्यात जे सुरू व्हायचे, ते थांबले नाही. मी घड्याळाकडे बघत बसायचे. पथ्य सुटले, तेव्हा दोष माझ्याच माथी आला आणि मीही तो मान्य केला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल मी उशिरा वाचले. २००४ मध्ये त्यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत आपलेच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याकडची बाळे वजनाने कमी, पण चरबी राखून जन्मतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. म्हणजे पहिला घास तोंडात जाण्याआधीच बरेच काही ठरलेले असते.

वजनाच्या आताच्या इंजेक्शनांचा धागा एका विषारी सरड्यापाशी जातो. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते आणि काही मिनिटांतच विरघळून जाते. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात त्यासारखेच, पण टिकाऊ रसायन सापडले. त्यातून मधुमेहाचे औषध २००५ मध्ये आले. जीएलपी-१ सारखेच बनवलेले सेमाग्लुटाइड तर आठवडाभर पुरते. मेंदूच्या देठाशी आणि हायपोथॅलॅमसच्या तळाशी काही जागांवर रक्तावरचा पहारा सैल असतो. तिथे पोचून ते भुकेच्या पेशींना आवरते आणि तृप्तीच्या पेशींना जागे करते. मळमळही त्याच भागातून येते. खाण्यातल्या सुखाचा जो डोपामाइनचा रस्ता, तिथपर्यंतही परिणाम जातो. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टिरझेपॅटाइड) आणि जूनमध्ये वेगोवी (सेमाग्लुटाइड) भारतात आले. तेव्हा मौंजारोच्या सर्वात लहान मात्रेचाच महिन्याचा खर्च चौदा हजार रुपये होता. माझ्या धाकट्या बहिणीला मधुमेह आहे, तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केले. दीड महिन्यांनी स्टेशनबाहेर ती मला म्हणाली, "ताई, वास येतोय गं, पण बोलावणं येत नाहीये." मी तिथेच थांबले. पन्नास वर्षांत मला हे वाक्य कधी म्हणता आले नव्हते.

पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, हे सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. मेंदूच्या सुखकेंद्रात तारा बसवलेल्या. टिरझेपॅटाइडवर काही महिने तिथला वखवखीचा गोंधळ शांत राहिला आणि औषध चालू असतानाच पुन्हा सुरू झाला. एकाच माणसाची नोंद आहे, तरी मला ती महत्त्वाची वाटते. वखवखीचा पत्ता लागला आहे, ती घर सोडून गेलेली नाही.

बहिणीने सात महिन्यांनी पैशांअभावी इंजेक्शन बंद केले. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे होते, त्यामुळे स्वस्त औषधाची तिला आशा आहे. तोवर वास आला की बोलावणे येते. आमच्या घरात आता तिला कुणी हावरट म्हणत नाही.