यूडीकॅट : माटुंग्याच्या भट्टीतली पांढरी भुकटी

पाण्यात विरघळवलेल्या झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइडमध्ये अमोनिया थेंबथेंब सोडला की भांड्यात पांढरा, जेलीसारखा साका जमू लागतो. तो गाळायचा, धुवायचा, पुन्हा धुवायचा. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहायचे. पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड अजून शिल्लक आहे, म्हणजे आणखी धुणे आले. पाणी नितळ राहिले की साका वाळवायचा, बारीक करायचा, त्याला क्लोरोसल्फोनिक आम्लाचा संस्कार द्यायचा आणि भट्टीत ६५० अंश सेल्सिअसला भाजायचा. शेवटी हाती येते ती साधी दिसणारी पांढरी भुकटी. तिच्या कणाकणावर मात्र तीव्र आम्लाची ताकद बसलेली असते. तिचे नाव यूडीकॅट-५.

हे नाव मुंबईच्या माटुंग्यातले आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. ‘यूडीसीटी’ या आद्याक्षरांनी तो देशभर ओळखला गेला. त्याच आद्याक्षरांत ‘कॅटॅलिस्ट’ची चाहूल मिसळून प्रा. गणपती दादासाहेब यादव यांनी आपल्या उत्प्रेरकांच्या मालिकेचे नामकरण केले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्यात १९५२ मध्ये जन्मलेले यादव १९७४ मध्ये यूडीसीटीतून केमिकल इंजिनीअर झाले, १९८० मध्ये तिथेच त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि पुढे तिथेच शिकवले. एका संस्थेत मुरलेली ही कारकीर्द आहे, आणि उत्प्रेरकाच्या अभ्यासाला असे मुरणे मानवते.

उत्प्रेरक काय करतो, हे वनस्पती तुपाच्या डब्याने आपल्या स्वयंपाकघरात कधीच आणून ठेवले आहे. द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे तर निकेल लागते. निकेल अभिक्रियेचा वेग वाढवते, पण स्वतः खर्ची पडत नाही. नंतर ते गाळून बाजूला काढता येते.

रसायनांच्या कारखान्यात मात्र सगळेच इतके सरळ नसते. १८७७ मध्ये फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी अॅल्युमिनियम क्लोराइड वापरून बेंझीनसारख्या रेणूंना नवे गट जोडण्याची रीत शोधली. सुगंधी द्रव्ये, औषधे, रंग यांच्या निर्मितीत ती आजही लागते. तिच्यातल्या अॅसायलेशन या प्रकारात मोठी अडचण आहे. तयार होणारे कीटोन अॅल्युमिनियम क्लोराइडलाच घट्ट धरून बसते. त्यामुळे चिमूटभर उत्प्रेरकावर भागत नाही. मालाच्या बरोबरीने, किंबहुना थोडे जास्तच घालावे लागते. मग माल सोडवण्यासाठी सगळे पाण्यात ओतायचे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा उठतात आणि अॅल्युमिनियमचे आम्लयुक्त सांडपाणी उरते. उत्प्रेरक एकदाच वापरला जातो आणि गटारात जातो.

घन आम्ल इथे उपयोगी पडते. काम झाले की गाळायचे, धुवायचे, पुन्हा वापरायचे. १९९५ मध्ये यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोडेकाटंग्स्टोफॉस्फोरिक आम्ल के-१० नावाच्या मातीवर बसवले. हे आम्ल जबरदस्त, पण ध्रुवीय द्रावकात ते विरघळून निसटते. मातीचा आधार मिळाला की ते हाताळता येते. या उत्प्रेरकाने पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई त्यांनी एकाच भांड्यात तयार करून दाखवले. १९९९ मध्ये सल्फेटयुक्त झिर्कोनियावरचा त्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या संशोधकांनी तो उचलून धरला. साध्या सल्फेटयुक्त झिर्कोनियावर गंधकाचे प्रमाण फार चढवता येत नाही. क्लोरोसल्फोनिक आम्लाच्या वाटेने ते बरेच वाढवता आले, शिवाय झिर्कोनियाची हवी ती स्फटिकरचनाही टिकली. यूडीकॅट-५ची ताकद त्यातून आली.

पण उत्प्रेरक बनवला म्हणजे इंजिनीअरचे काम संपले असे नाही. त्याच्या प्रयोगशाळेत रवीचा वेग हाही संशोधनाचा विषय असतो. मिनिटाला ८०० फेरे, मग १०००, मग १२००. वेग वाढवूनही अभिक्रिया तितक्याच वेगाने चालली, तर द्रवातून कणापर्यंत पोचताना रेणूंचा खोळंबा होत नाही, हे कळते. मग कणांचा आकार बदलून पाहायचा. छिद्रांच्या आतही वाट मोकळी आहे, असे दिसले की मगच रासायनिक वेगाचे गणित मांडायचे. हे न करता बांधलेली साधी स्टीलची रिअॅक्टरची टाकीसुद्धा फसते: शंभर मिलिलिटरच्या काचपात्रात सुरळीत चाललेली क्रिया हजारो लिटरला रखडते. शेवटी उत्प्रेरक गाळून तोच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वापरायचा. या परीक्षेत पुष्कळ उत्प्रेरक नापास होतात.

ही शिस्त परंपरेने आली. यादवांचे गुरू प्रा. मनमोहन शर्मा. केंब्रिजमध्ये डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून ते १९६४ मध्ये, ऐन सत्ताविशीत, यूडीसीटीत प्राध्यापक झाले. १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांनी मिळून विषम अभिक्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९८४ मध्ये आला. घन, द्रव आणि वायू एकमेकांना भेटतात तिथे नेमके काय घडते, याचा तो पाया होता.

त्या पायावर यादवांनी केलेले एक काम डोळ्यांना दिसण्यासारखे आहे. पाणी आणि तेलकट द्रव यांची एरवी गाठ पडत नाही. एकातला आयन दुसऱ्यात पोचवायला टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडसारखा वाहक लागतो. क्षारांचे प्रमाण नेमके साधले तर या दोन थरांच्या मधे तिसरा थर तयार होतो आणि वाहक बहुतांशी त्याच थरात राहतो. अभिक्रिया तिथे झपाट्याने होते. नंतर वरचा थर आणि खालचा थर काढून घ्यायचा; मधला जपून पुढच्या घाण्याला वापरायचा.

२००८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ झाली. २००९ ते २०१९ ही दहा वर्षे यादव कुलगुरू होते. याच काळात, २०१८ मध्ये, जालना आणि भुवनेश्वर इथे तिची नवी संकुले सुरू झाली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगने त्यांना निवडले. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. गौरवांच्या यादीत हा आकडा सर्वांत वर असायला हवा. रवीचा वेग बदलून पाहण्याची आणि उत्प्रेरक तिसऱ्यांदा वापरून पाहण्याची सवय त्या शंभर जणांनी आपापल्या कामाच्या जागी नेली आहे.

अलीकडे संस्थेत ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर हायड्रोजनवर काम झाले. तांबे आणि क्लोरिन यांच्या संयुगांचे चक्र फिरवून, साधारण साडेपाचशे अंशांच्या उष्णतेवर, पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करायचा. तांबे आणि क्लोरिन पुन्हा हाती यायलाच हवेत. ते परत आले नाहीत तर चक्रच उरत नाही.

संस्थेचे नाव बदलले, तरी माटुंग्याची जुनी मंडळी अजूनही ‘आम्ही यूडीसीटीचे’ असेच सांगतात. शोधनिबंधांतही यूडीकॅट-४, यूडीकॅट-५, यूडीकॅट-६ अशी नावे तशीच छापली जातात. विभागाची जुनी आद्याक्षरे त्या पांढऱ्या भुकटीच्या बाटलीवर राहून गेली आहेत.